रूळ आहेत, प्रवासी आहेत, मग गाडी का नाही?

दिवाळीची सुट्टी संपायच्या दिवशी लातूर, परभणी, बीड, छत्रपती संभाजीनगर यांपैकी कुठल्याही गावात ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर जाऊन उभं राहावं. पुण्यात शिकणारी पोरं, चाकण-हिंजवडीला नोकरी करणारी मंडळी, पाठीला सॅक, हातात घरून बांधून दिलेला फराळ. एका सीटचं भाडं एरवीच्या दुप्पट झालेलं असतं आणि तरीही गाड्या भरलेल्या असतात. यातल्या बहुतेकांच्या गावात रेल्वे स्टेशन आहे. तिथे मोकळे रूळ आहेत, मोकळा फलाटही आहे. ‘पुण्याला रात्रीची गाडी द्या, मुंबईला आणखी एक गाडी द्या’ अशी निवेदनं प्रत्येक खासदाराच्या टेबलावर दर वर्षी पडतात. उत्तरही ठरलेलं असतं: ‘तूर्त शक्य नाही.’

या उत्तरावर आपण चिडतो, आणि चिडण्यासारखं ते आहेच. मराठवाड्याच्या वाट्याला रेल्वे कमी आली, उशिरा आली. पण गाडी नेमकी कुठे अडते हे कळलं नाही, तर मागणीही चुकीच्या जागी जाते. आपण फलाटावर उभं राहून गाडी मागतो आणि टंचाई असते भलतीकडेच. ती कुठे असते, ते एकेक करून पाहू.

वाटच लांबची

संभाजीनगर ते पुणे हे रस्त्याने साधारण २३५ किलोमीटर. रेल्वेने जायचं तर आधी वायव्येला मनमाडकडे, तिथून दक्षिणेला अहिल्यानगरमार्गे दौंड आणि मग पुणे. हा वळसा चारशे किलोमीटरच्या वर जातो. गाडी कितीही वेगाने पळवली तरी पाच-सहा तासांत पोचवणाऱ्या बसपुढे ती टिकत नाही.

हा वळसा इतिहासाने दिला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यात गोदावरी खोऱ्यातून हैदराबाद ते मनमाड असा रेल्वेमार्ग टाकला गेला, तो मीटरगेज. त्याचं तोंड हैदराबादकडे. मनमाडला मुंबईची ब्रॉडगेज भेटायची आणि तिथे माणसांना व मालाला गाडी बदलावी लागायची. तिकडे लातूरला बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज १९११ मध्ये पोचली होती. म्हणजे एकाच प्रदेशात तीन मापांचे रूळ. ब्रॉडगेजसाठी गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मनमाडकडून ब्रॉडगेज पुढे सरकली ती १९९० च्या दशकात, आणि कुर्डुवाडी–लातूर मार्गाचं रूपांतर पुरं व्हायला २००८ उजाडलं. लांब पल्ल्याच्या गाड्यांची देशभरातली मांडणी त्याआधीच बसून गेली होती. उशिरा आलेल्या प्रदेशाला त्या मांडणीत फट शोधत बसावं लागतं.

एका गाडीसाठी किती गाड्या?

समजा, लातूरहून मुंबईला रोज रात्री एक नवी गाडी सोडायची ठरली. रात्री दहाला निघाली, सकाळी आठला मुंबईत. तीच परत रात्री मुंबईहून सुटेल आणि दुसऱ्या सकाळी लातूरला येईल. पण ती मुंबईत उभी असताना त्या रात्री लातूरहून कोण निघणार? त्यासाठी डब्यांची दुसरी पूर्ण माळ हवी. या माळेला रेल्वेत रेक म्हणतात. एका रात्रीच्या प्रवासाच्या रोजच्या गाडीला दोन रेक लागतात. तीस-बत्तीस तासांचा पल्ला असेल, तर गाडी एकदा निघाली की परत येऊन पुन्हा निघायला चार-पाच दिवस जातात, आणि रोज सोडायची तर चार-पाच रेक गुंतून पडतात.

एका रेकमध्ये वीस-बावीस डबे. म्हणजे ‘एक गाडी’ या दोन शब्दांमागे चाळीस ते शंभर डबे उभे असतात, शिवाय राखीव डबे वेगळे. मागास भागांना दिलेल्या नव्या गाड्या बहुतेकदा साप्ताहिक का असतात, याचं एक कारण इथे आहे. एकच रेक सोमवारी एका गावाला आणि गुरुवारी दुसऱ्या गावाला फिरवता येतो. कागदावर दोन गावांना गाडी मिळते. पण आठवड्यातून एकदा येणाऱ्या गाडीच्या भरवशावर कोणी नोकरी, दवाखाना किंवा परीक्षा ठरवत नाही.

लातूरला रेल्वेचे डबे बनवण्याचा कारखाना उभा राहिला, म्हणून लातूरला गाड्या वाढतील असं अनेकांना वाटतं. तिथे बनणारे डबे देशभराच्या साठ्यात जातात. ते कोणाला द्यायचे हे रेल्वे बोर्ड ठरवतं.

गाडी धुवायची कुठे?

रेक मिळाले असं धरू. लांबून आलेली गाडी लगेच उलटी फिरवता येत नाही. तिला तिच्या मुक्कामाच्या स्टेशनाजवळ पिट लाइनवर न्यावं लागतं. पिट लाइन म्हणजे खाली लांबच लांब खड्डा असलेला रूळ. माणसं त्या खड्ड्यात उतरून डब्यांच्या पोटाखालून चालत जातात. हातात बॅटरी, हातोडी, पाना. चाकांच्या कडा झिजल्या आहेत का, ब्रेकचे पॅड किती उरलेत, स्प्रिंगला तडा गेलाय का, एखादा बोल्ट सैल आहे का, हे प्रत्येक डब्याखाली पाहिलं जातं. वर त्याच वेळी झाडलोट, धुणं, टाक्यांत पाणी भरणं, दिवे-पंखे, चादरी-उशा. शेवटी इंजिनाकडून हवेचा दाब भरून ब्रेकची चाचणी होते. गाडीभर एक नळी जाते, तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब राहिला पाहिजे. तो कमी केला की प्रत्येक डब्याचा ब्रेक लागला पाहिजे आणि पुन्हा भरला की सुटला पाहिजे. हे जमलं की ब्रेक पॉवर सर्टिफिकेट तयार होतं. त्या कागदाशिवाय गाडी हलत नाही.

या सगळ्याला साधारण सहा तास लागतात. चोवीस डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब, म्हणून पिट लाइनही तेवढीच लांब हवी, आणि एका पिट लाइनवर दिवसभरात तीन-चार गाड्यांपेक्षा जास्त बसत नाहीत.

आता मराठवाड्याचा नकाशा पाहा. अमृतसरची सचखंड एक्सप्रेस नांदेडहून सुटते. श्रीगंगानगर आणि जम्मूकडच्या गाड्याही तिथूनच. एक कारण हुजूर साहिब गुरुद्वाराचे भाविक, आणि दुसरं, तेवढंच वजनदार, नांदेडला गाड्यांच्या देखभालीची सोय आहे. संभाजीनगर शहर नांदेडहून मोठं. शेंद्रा-वाळूजचे कारखाने आहेत, अजिंठा-वेरूळला जगभरातून माणसं येतात. तरी बहुतेक गाड्या या शहरातून नुसत्या पुढे जातात, कारण गाडी मुक्कामाला ठेवून तपासायची जागा तिथे नव्हती. २०२२ मध्ये पिट लाइन जालन्याला जाहीर झाली तेव्हा संभाजीनगरात मोठी नाराजी उसळली आणि नंतर दोन्ही ठिकाणी पिट लाइनचा निर्णय झाला. बाहेरून पाहणाऱ्याला खड्डा असलेल्या एका रुळासाठी दोन शहरं इतकी का भांडतात हे कळलं नसेल. माझ्या मते ते भांडण अगदी योग्य मुद्द्यावर होतं. नव्या गाडीचा खरा जन्म तिथे होतो.

> चौकट : निवेदनाच्या उत्तरात भेटणारे शब्द
>
> रेक – एका गाडीची डब्यांची पूर्ण माळ.
>
> पाथ – त्या मार्गावर त्या वेळी गाडीसाठी राखलेली मोकळी वाट. ‘पाथ उपलब्ध नाही’ याचा अर्थ त्या वेळेला रूळ दुसऱ्या कोणाला दिलेला आहे.
>
> प्राथमिक देखभाल – पिट लाइनवरची संपूर्ण तपासणी. ती गाडीच्या ठरलेल्या मुक्कामीच होते.
>
> लूप लाइन – मुख्य रुळाच्या शेजारचा बाजूला थांबायचा रूळ.
>
> विस्तार – नवी गाडी न देता जुनी गाडी पुढच्या गावापर्यंत नेणं.

क्रॉसिंग लागलंय

परळीच्या अलीकडे कुठेतरी माळरानावर गाडी थांबते. पंधरा मिनिटं होतात, वीस होतात. शेंगदाणेवाला दोनदा फिरून जातो. डब्यातला कोणीतरी जाणता माणूस म्हणतो, ‘क्रॉसिंग लागलंय.’ या दोन शब्दांत मागास भागातल्या रेल्वेचं निम्मं दुखणं आहे.

एकेरी मार्ग म्हणजे शेतातली पांदण. समोरासमोर दोन बैलगाड्या आल्या तर एकीला जिथे रुंदी असेल तिथे बाजूला घेऊन थांबावंच लागतं. रेल्वेत ही रुंदी म्हणजे स्टेशनातली लूप लाइन. समोरची गाडी पूर्ण आत आल्याशिवाय दुसरीला पुढे सोडत नाहीत. एका वेळी दोन स्टेशनांच्या मध्ये एकच गाडी, हा सुरक्षिततेचा नियम आहे आणि तो मोडण्यासारखा नाही.

मग अशा मार्गावर दिवसाला किती गाड्या जातील? हिशेब सोपा आहे. दोन स्टेशनांमधलं अंतर तोडायला मालगाडीला १५ मिनिटं लागतात आणि पुढच्या स्टेशनाकडून परवानगी घेणं, सिग्नल देणं यात ५ मिनिटं जातात असं समजू. म्हणजे दर गाडीमागे २० मिनिटं. दिवसाच्या १४४० मिनिटांना २० ने भागलं की ७२. पण गाड्या घड्याळाच्या ठोक्यावर एकामागून एक येत नाहीत, रुळांच्या दुरुस्तीलाही रोज काही तास राखावे लागतात. म्हणून रेल्वे यातला ७० टक्के हिस्सा धरते. उरतात ५० गाड्या, त्याही दोन्ही दिशा मिळून. एका दिशेला २५. त्यातच मालगाड्या, पॅसेंजर, एक्सप्रेस सगळं आलं.

यातली खोच अशी की संपूर्ण मार्गाची क्षमता त्यातल्या सर्वांत लांब टप्प्यावर ठरते. शंभर किलोमीटरमध्ये नऊ टप्पे आखूड असले आणि दहाव्या टप्प्याला १५ ऐवजी २० मिनिटं लागत असली, तर सगळा मार्गच ५० वरून ४० गाड्यांवर येतो. त्या एका लांब टप्प्याच्या मध्यावर नवं क्रॉसिंग स्टेशन बांधलं, तर दुहेरीकरणाच्या मानाने फारच थोड्या खर्चात आणखी काही गाड्यांची वाट मोकळी होते. निवेदनांमध्ये ही मागणी मला क्वचितच दिसते. क्रॉसिंग स्टेशनला हार-तुरे नसतात, उद्घाटनाला गर्दी नसते. पण गाडीची वेळ तिथेच वाचते.

दुहेरीकरणाने हा प्रश्न मुळातून सुटतो, कारण जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचे रूळच वेगळे होतात. परभणी–मुदखेड हा ८१ किलोमीटरचा पट्टा दुहेरी झाला आहे. अंकाई–संभाजीनगर या ९८ किलोमीटरच्या दुहेरीकरणाचं काम हाती घेतलं गेलं, आणि संभाजीनगर–परभणी या १७७ किलोमीटरना केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली. हे सलग पूर्ण झालं, तर मराठवाड्याच्या गाड्यांचं वेळापत्रक पहिल्यांदाच मोकळेपणाने आखता येईल. तोवर प्रत्येक नवी गाडी जुन्या गाडीला कुठेतरी थांबवूनच धावणार.

मुंबईत उभं राहायला जागा

गाडीचं एक टोक मराठवाड्यात, तर दुसरं बहुतेकदा मुंबईत. कसारा घाटात दर ३७ मीटरला एक मीटर असा चढ आहे. मुंबईहून वर येणाऱ्या गाड्यांना जादा इंजिनं जोडावी लागतात, त्याला वेळ जातो. घाटाखाली कल्याणपासून पुढे लोकलचं राज्य. सकाळी आठ ते अकराच्या गर्दीत लांबच्या गाडीला वाट देणं म्हणजे लोकलच्या फेऱ्या कापणं, आणि ते कोणीही करायला धजावत नाही. म्हणून मुंबईत पोचायच्या सोयीच्या वेळा पहाटेच संपतात. नवी गाडी आली तर तिला भर दुपारची नाहीतर आडरात्रीची वेळ मिळते, किंवा ती पनवेलला थांबवतात. नांदेडहून परळी-लातूर-पुणेमार्गे येणारी गाडी पनवेललाच संपते. दादर किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला फलाट मोकळा मिळणं हे मराठवाड्यातल्या रुळांइतकंच मोलाचं आहे.

रेल्वेच्या स्वतःच्या हद्दींचाही यात भाग आहे. लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात, तर लातूर रोड, परभणी, संभाजीनगर ही स्टेशनं सिकंदराबादला मुख्यालय असलेल्या दक्षिण मध्य रेल्वेत. मनमाड पुन्हा मध्य रेल्वेचं. नगरसोल हे येवला तालुक्यातलं छोटं गाव. तिथे आंध्रातून आणि चेन्नईहून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या संपतात. शिर्डी तिथून जवळ आहे, आणि मनमाडच्या अलीकडे दक्षिण मध्य रेल्वेच्या हद्दीत गाडी थांबवता येईल अशी ही जागा आहे. एका विभागाची गाडी दुसऱ्याच्या हद्दीत शिरायची, तर पाथ, फलाट, इंजिन, चालक या सगळ्यांची संमती दुसऱ्याकडून घ्यावी लागते. हे वेळापत्रकाच्या वार्षिक बैठकांत ठरतं आणि अंतिम शब्द रेल्वे बोर्डाचा. पूर्वी रेल्वेमंत्री संसदेत नव्या गाड्यांची यादी वाचून दाखवत. २०१५ पासून ती यादी बंद पडली आणि २०१७ पासून रेल्वेचं अंदाजपत्रकच सर्वसाधारण अंदाजपत्रकात विलीन झालं. दबाव कुठे आणि केव्हा आणायचा हे त्यामुळे सामान्य माणसाला आणखीच अंधुक झालं.

गाडी पुढे गेली, जागा कमी झाली

नवे रेक नाहीत, पिट लाइन नाही, पाथ नाही. अशा वेळी प्रशासनाच्या हाताशी एक स्वस्त उपाय असतो, विस्तार. लातूरला सकाळी पोचलेला रेक रात्रीपर्यंत नुसता उभा आहे ना, मग तो बिदरपर्यंत न्या. २०१७ मध्ये मुंबई–लातूर एक्सप्रेस आठवड्यातले काही दिवस बिदरपर्यंत नेली तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले. मुंबईची जनशताब्दी एक्सप्रेस आधी संभाजीनगरपर्यंत होती, मग जालन्यापर्यंत गेली, मग हिंगोलीपर्यंत. ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून सुरू झालेली मुंबईची वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत गेली.

हिंगोलीच्या माणसाला मुंबईची थेट गाडी मिळाली हे चांगलंच झालं. मात्र डबे वाढले नाहीत, तर तेवढ्याच जागा जास्त गावांत वाटल्या जातात. त्यात आरक्षणाच्या कोट्याचा नियम भर घालतो. गाडी जिथून सुटते त्या स्टेशनाला आणि त्याच्या आसपासच्या मोजक्या स्टेशनांना जागांचा मोठा हिस्सा मिळतो, मधल्या गावांना वेगळा छोटा कोटा. तो संपला की मधल्या प्रवाशाला वेटिंग दिसतं, आणि त्याची यादी क्वचितच पुढे सरकते. काल ज्या गावाहून गाडी सुटत होती ते आज मधलं गाव होतं. लातूरकरांचा राग बिदरवर नव्हता. आपल्या वाट्याचे बर्थ जातील ही त्यांची भीती होती, आणि ती खरी होती. विस्ताराबरोबर जादा डबे आणि जुन्या गावाचा कोटा कायम, या दोन अटी घातल्या तर अशी भांडणं निम्म्याने कमी होतील.

‘प्रतिसाद नाही’

सगळ्यांत जास्त अन्याय मला ‘प्रतिसाद नाही’ या शेऱ्यात दिसतो. नवी गाडी द्यायच्या आधी पुष्कळदा ती विशेष गाडी म्हणून चालवून पाहतात. विशेष गाडीचं भाडं नेहमीच्या गाडीहून जास्त. तिला वेळ मिळते ती उरलीसुरली, आणि क्रॉसिंगला बाजूला उभं राहायची पाळी पहिल्यांदा तिच्यावर येते. ती तीन तास उशिरा पोचते, लोक ट्रॅव्हल्सकडे वळतात आणि नोंद होते, ‘डबे रिकामे.’ जनरल डब्यात दाटीवाटीने उभी असलेली माणसं आरक्षणाच्या आकड्यांत दिसत नाहीत. जे लोक गाडीच नाही म्हणून बसने गेले, ते तर कुठल्याच आकड्यात नाहीत. गाडी नाही म्हणून मागणी दिसत नाही आणि मागणी दिसत नाही म्हणून गाडी नाही.

नव्या मार्गांच्या बाबतीत हेच चक्र मोठ्या प्रमाणावर फिरतं. घातलेल्या पैशावर किती टक्के परतावा मिळेल हे सर्वेक्षणात पाहतात. बराच काळ ही कसोटी १४ टक्क्यांची होती. मराठवाड्यात कोळशाच्या खाणी नाहीत, मालवाहतूक तुटपुंजी. आणि प्रवासी वाहतूक तर तोट्याचीच. प्रवासखर्चाचे सरासरी फक्त ५७ टक्के तिकिटातून वसूल होतात, असं रेल्वे आपल्या तिकिटांवरच छापत असे. या मापाने बीडला रेल्वे कधीच परवडली नसती. म्हणून अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाचा निम्मा खर्च राज्य सरकारने उचलला. मार्ग मंजूर झाला १९९५-९६ मध्ये. आष्टीपर्यंत गाडी आली सप्टेंबर २०२२ मध्ये आणि बीडला पोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. मंजुरीच्या वर्षी जन्मलेलं मूल तोवर तिशीत आलेलं होतं. रस्ता बांधताना तो किती टोल देईल एवढंच विचारून आपण थांबत नाही. जिल्ह्याच्या गावाला रेल्वेने जोडतानाही तेवढ्याच प्रश्नावर थांबू नये.

आता मागायचं ते

बीडला सध्या पोचणारी गाडी अहिल्यानगरपर्यंत जाते. पुढे पुण्या-मुंबईला जायचं तर तिथे बदल. ‘बीड–मुंबई थेट गाडी’ ही मागणी लगेच सुरू झाली, ती स्वाभाविक आहे. पण बीड आज रुळाच्या शेवटी आहे. तिथून थेट लांबची गाडी सोडायची म्हणजे बीडला किंवा अहिल्यानगरला पिट लाइन हवी, दोन रेक हवेत, मुंबईत फलाट हवा. बीड ते परळी हा उरलेला सुमारे ९५ किलोमीटरचा टप्पा पुरा झाला तर गणितच बदलतं. नांदेड-परभणीची पुण्याची गाडी मनमाडचा वळसा टाळून परळी-बीड-अहिल्यानगरमार्गे जाऊ शकेल, आणि मधलं स्टेशन म्हणून बीडला ती स्वतःच्या पिट लाइनशिवायही मिळेल. मनमाडच्या बाजूला तेवढे पाथ सुटतील.

म्हणून बीडकरांच्या पुढच्या निवेदनात गाडीच्या नावाआधी चार गोष्टी याव्यात: परळीपर्यंतच्या कामाला केंद्र आणि राज्य दोघांकडून दर वर्षी वेळेवर निधी, या एकेरी मार्गावर जवळजवळ अंतराने क्रॉसिंग स्टेशनं, त्यांत पूर्ण लांबीच्या लूप लाइन, आणि चोवीस डब्यांची गाडी मावेल असे फलाट. लूप आणि फलाट आखूड बांधून ठेवले, तर लांब गाडी मागताना पुन्हा तेच उत्तर येईल, आणि ते वाढवायला पुन्हा नवी मंजुरी लागेल. काम पुरं व्हायच्या आतच हे मागायला हवं.